पांढऱ्या वाटीचा घोळ

सहामाहीत विज्ञानात वर्गात पहिली आल्यापासून अनिताला रोज कुणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय जेवणच जात नव्हतं. आबांना तिनं ग्रहण समजावलं. आजीला कुकरच्या शिट्टीमागचं शास्त्र समजावलं, तर आजीनं तिच्याच हातात घासणी दिली. उरली मैना. गोठ्यातल्या या गायीला अनितानं गायीचीच पचनसंस्था अर्धा तास समजावून सांगितली. मैनेनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग तिच्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं.

त्याच मैनेला पप्पा शनिवारी चाकणच्या बाजारात विकायला निघाले होते.

पप्पा म्हणजे ज्ञानेश, कंपनीत क्वालिटीला. घरी आले तरी त्यांच्या डोक्यातली कंपनी काही सुटत नसे. भाकरी करपली तर ते म्हणत, "रिजेक्ट." मंगळवारी चहाच्या वेळी त्यांनी मैनेचा निकाल लावला.

"दूध चहापुरतं, कडबा टेम्पोभर. नुसत्या शेणासाठी गाय सांभाळायची? अर्ध्या एकराची द्राक्षबाग, चार गोण्या युरिया टाकला की काम झालं."

"गोनी रवंथ करती व्हय रं?" आबा म्हणाले. "मैनेच्या शेनावर बाग उभी हाय. आमी न्हाई इकायची."

"आबा, द्राक्षं घेणारे या वर्षीपासून कार्बनचा फॉर्म भरून मागतायत. कुठलं खत, मातीतून किती कार्बन हवेत जातो, सगळं. त्यांना रवंथ नको, आकडे हवेत."

अनिताचा हात आपोआप वर गेला. घरात हात वर करायची गरज नव्हती, पण सवय.

"पप्पा, शेणखताच्या मातीतून कमी जातो! नैसर्गिक आहे ना ते! मी सिद्ध करून दाखवते!"

"कधी?"

"केव्हाही!"

"परवा गुरुवार, माझी सुट्टी. बांधाकडच्या दोन ओळी आहेतच. एकीला आबांनी भांडून शेणखत घातलं, दुसरीला मी गड्याकडून युरिया टाकून घेतला. ज्या ओळीतून कार्बन कमी निघेल, त्या ओळीचं खत सगळ्या बागेला. शेण जिंकलं तर मैना राहील. पण मला डेटा पाहिजे, भाषण नको."

अनितानं लगेच टाळी दिली. आबांनी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. प्रयोग म्हणजे काय ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण नातीवर त्यांचा भरवसा होता. ती पहिली आली होती.

बुधवारी सकाळी दीक्षा भोसरीहून बसनं दोन दिवस राहायला आली. अनिताची जिवलग मैत्रीण, वर्गात दुसरी, आणि एका मार्कानं दुसरी आल्यामुळे थोडी जास्तच काटेकोर. तिच्या वडिलांच्या वर्कशॉपमधल्या रंगाच्या रिकाम्या बादल्या तिनं घासून आणल्या होत्या. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय गं, नळाला पाणी नाही का भोसरीत?"

चुन्याची निवळी करायला चुना हवा होता. तो आबांच्या तंबाखूच्या डबीतून गायब झाला. पाण्यात ढवळून, रात्रभर नाही, पण दोन तास ठेवून, वरचं नितळ पाणी दोन वाट्यांत घेतलं. दोन्ही ओळींत एकेक वाटी ठेवली, तिच्यावर बादली पालथी घातली आणि कडेनं माती दाबून टाकली. वेलीच्या खांबांना चिठ्ठ्या बांधल्या: एकीवर 'शेणखत', दुसरीवर 'युरिया'.

"मातीतले जीव श्वास सोडतात," अनिता कुंपणापलीकडच्या कंपनीच्या भिंतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्यातला कार्बन डायऑक्साइड निवळीत गेला की निवळी पांढरी. जास्त कार्बन, जास्त पांढरी. तासाभरात कळेल!"

तासाभरानं कळलं. युरियाची वाटी धुरकट झाली होती. शेणखताची वाटी ताकासारखी.

अनिता मातीत बसलीच. "उलटं झालं."

"उलटं नाही झालं," दीक्षा म्हणाली. "बरोबरच आहे. शेणखतात जीव जास्त, खायला जास्त, म्हणून श्वासही जास्त. आपण आधी वाचायला हवं होतं."

"अगं, पण उद्या कुठली वाटी जास्त पांढरी, त्यावरच मैनेचं सगळं ठरणार आहे!"

हे शेवटचं वाक्य तिनं असं काही ओरडून म्हटलं की तिसऱ्या ओळीत पानं खुडत बसलेल्या आबांनी ते स्वच्छ ऐकलं. आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि उठून गेले.

इकडे अनितानं खांबावरच्या चिठ्ठ्या सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या.

"अने, ही चीटिंग आहे."

"ही चीटिंग नाही, हे प्राणीरक्षण आहे."

"पहिला नंबर असाच आला का गं?"

हे अनिताला जरा लागलं. पण चिठ्ठ्या तिनं तशाच ठेवल्या.

गुरुवारी पप्पा आंघोळ करून, खिशाला पेन लावून बागेत आले. नव्या वाट्या, नवी निवळी, बादल्या पालथ्या. "मी मध्ये चहा पिऊन येतो," म्हणाले. अनिता आणि दीक्षाही चहाला गेल्या. अनितानं काळजीच्या भरात पोह्यांच्या दोन बशा संपवल्या.

तासानं सगळे जमले. आबा आधीच येऊन उभे होते, फार म्हणजे फारच निरागस चेहरा करून.

पप्पांनी 'शेणखत' चिठ्ठीची बादली उचलली. वाटी धुरकट. मग 'युरिया'ची. वाटी दह्यासारखी घट्ट पांढरी!

"बघा!" अनिता उडालीच. "युरियातून किती कार्बन! शेण जिंकलं!"

पप्पा वाकले. वाटीत बोट घातलं. तळातून चुन्याचा गोळा वर आला. मग त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं आणि उन्हात पाहिलं. तंबाखूची काडी.

"अनिता, मातीचा श्वास तंबाखू खातो का?"

दीक्षानं अनिताकडे पाहिलं, अनितानं आबांकडे.

"आबा?"

"मग?" आबा छाती काढून म्हणाले. "पोरगी म्हनली पांढरं जितकं जास्त त्यावर समदं. म्या मैनेच्या वाटीत चुना सोडला. हाय का न्हाई दुधावानी? झाली मैना पास!"

"अहो, पण तुम्ही युरियाच्या वाटीत टाकलाय! ही चिठ्ठी वाचा."

"चिठ्ठीचं काय सांगतो मला! ह्या वळीत म्या सोताच्या हातानं शेन वढलंय. माजी वळ मला कळत न्हाई व्हय? ही शेनाची. ती तुज्या गोनीची!"

पप्पांनी चिठ्ठीकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. मग हळूच अनिताकडे पाहिलं. दीक्षा आकाशातल्या एका ढगाचा फार बारकाईनं अभ्यास करू लागली.

"मी बदलल्या," अनिता म्हणाली. आवाज इतका लहान आला की तिचा तिलाच ओळखू येईना. "काल शेणाची वाटी जास्त पांढरी झाली. म्हणजे कार्बन जास्त. म्हणजे मैना हरली. म्हणून."

आबांचा चेहरा उतरला. "आरं तिच्या! म्हंजी पांढरं म्हंजी वंगाळ?"

एवढं ऐकून पप्पांना हसू फुटलं. आजोबा एका बाजूनं लबाडी करतायत, नात दुसऱ्या बाजूनं, आणि दोघं मिळून एकमेकांचीच लबाडी उघडी पाडतायत! हसून झाल्यावर ते म्हणाले, "पूर्ण लॉट रिजेक्ट. पुन्हा करा. या वेळी मी इथून हलणार नाही. आणि तिसरी बादली फरशीवर ठेवा, माती नाही तिथं काय होतं ते बघू."

पुन्हा केलं. फरशीवरची वाटी नितळ, युरियाची धुरकट, शेणखताची ताकासारखी. पप्पांनी वहीत लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाच्या आवाजासरशी आबा गोठ्याकडे वळले.

"थांबा!" अनिता म्हणाली. "पप्पा, निघालेला कार्बन मोजला. आत राहिलेला कुठे मोजलाय?"

"म्हणजे?"

"शेणखतानं मातीत कार्बन आणला. थोडा श्वासातून गेला, थोडा मातीतच राहिला. युरियानं मातीत साठवण्यासारखं काहीच आणलं नाही. त्या ओळीतून निघाला तो मातीच्याच जुन्या साठ्यातला असेल तर? नुसतं गेटबाहेर किती माल गेला ते बघून स्टोअरमध्ये किती आहे ते कळतं का?"

पप्पांच्या भुवया वर गेल्या. ही भाषा त्यांची होती.

"आणि चुन्याला एकच वायू दिसतो," दीक्षा पुढे झाली. "नायट्रस ऑक्साइड दिसतच नाही. युरियातून तोही निघतो."

"शेणातून नाही निघत?"

"निघत असेल," अनिता म्हणाली. तिला 'नाही' म्हणायचा भयंकर मोह झाला होता. "नक्की माहीत नाही. ते पण मोजावं लागेल. एका तासाच्या दोन वाट्यांवर तुम्ही कंपनीत गाडीचा पार्ट पास कराल?"

पप्पा बराच वेळ ओळींमधून फिरले. शेणखताच्या ओळीतलं एक ढेकूळ उचललं, युरियाच्या ओळीतलं एक, आणि दोन्ही पाण्याच्या बादलीत सोडली. युरियाचं लगेच विरघळून गाळ झालं. शेणखताचं बुडाशी तसंच्या तसं बसून राहिलं; माती धरून ठेवणारं काहीतरी त्यात उरलं होतं.

"हं," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

परत आले ते हातात पिवळं कार्ड आणि सुतळी घेऊन. कंपनीत जो माल पासही ठरत नाही आणि रिजेक्टही नाही, त्याला असं कार्ड लागतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'होल्ड' लिहिलं होतं. पप्पांनी ते मैनेच्या गळ्यात बांधलं.

"पुढच्या छाटणीपर्यंत. दोन्ही ओळी तशाच ठेवायच्या, दर गुरुवारी रीडिंग, मातीचा नमुना प्रयोगशाळेत. तोवर बाजार नाही."

आबांनी मैनेच्या कपाळावर कपाळ टेकलं. अनितानं उडी मारली, दीक्षानं तिला खाली ओढलं.

"एक मिनिट," पप्पा पेन काढत म्हणाले. "कार्डावर जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं. चारापाणी, शेण काढणं, ओळीत टाकणं, रीडिंग घेणं. चिठ्ठ्या बदलणाऱ्यांना प्राधान्य."

आणि मैनेनं कार्ड चाटायच्या आत त्यांनी तिथं अनिताचं पूर्ण नाव लिहिलं.