गालाला गार

“कूलर थोडा इकडे फिरवा न बाप्पा, पाठीतून पाणी चाललं माह्या,” शकुन माझ्या कानाशी पुटपुटली. तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते, म्हणून तिचा पदर सावरायचं काम माझ्याकडे होतं. कूलर तिच्याच बाजूला होता. पण अमरावतीच्या उन्हाळ्यात कूलर आपल्याकडे आहे असं कोणालाच वाटत नाही.

आमची कार्यशाळा पंजाबरावांच्या मंगल कार्यालयात भरली होती. यंदा अधिक महिना आला, लग्नं थांबली, कार्यालय रिकामं पडलं आणि पंजाबरावांना कला आठवली. दारावर ‘प्रौढ कलावंतांसाठी उन्हाळी सिरॅमिक कार्यशाळा’ असा फलक लागला. त्याच्यामागून आधीच्या वधूचं अर्धं नाव अजून डोकावत होतं. बारा दिवस, आठ कलावंत. कलावंत म्हणजे तसं काही नाही, पंजाबराव भाषणात म्हणाले म्हणून झालो.

शिकवायला पुण्याहून अश्विन सर आले होते. मातीच्याच रंगाचा कुडता, म्हणजे माती लागली की नाही ते कळायची सोय नाही. सर कमी बोलत, आणि जे बोलत ते आम्ही वहीत उतरवून घेत. “आकार तुम्ही देत नाही, मातीच तो तुम्हाला देते.” मी हे वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघाही मारल्या, आता लपवून काय करू. अधिक महिन्यात जावयाला मिळतो तो सगळा मान सरांना मिळत होता. अनारसे तर रोज.

माती मळायला चांदूर बाजारहून बुधाजी आले होते. जातीचे कुंभार, चाकावर केस पांढरे झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, भांडं भट्टीत लावायच्या आधी गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे. आच लागली की ते फुटतं आणि शेजारच्यालाही घेऊन जातं. कूलरच्या हवेत तर ठेवूच नका, ती ओली हवा आहे. सरांनी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुमचा आवा वेगळा, ही गॅसची भट्टी वेगळी, हिच्यात तापमान आकड्यात दिसतं. बुधाजींनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी फक्त माती मळली.

कूलर बंद करा, असं म्हणणार कोण? बाहेर शेहेचाळीस. पंजाबरावांचे कूलर लग्नाचे, कपाटाएवढे, आणि असे तीन. अंगणात टाकलेला पंचा पाच मिनिटांत पापडासारखा कडक होई आणि आत आमची भांडी दहाव्या दिवशीही जशीच्या तशी. गालाची गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. जो तो आपलं भांडं गालाला लावी, डोळे मिटी आणि म्हणे, अहाहा, काय गार. त्याचे फोटो निघाले. सरांनी त्याला ‘स्पर्शसंवाद’ असं नाव दिलं. ओलं हा शब्द मात्र कोणी काढला नाही.

ललिताताईंचं तेवढं वेगळं होतं. त्या बडनेऱ्याच्या. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बत्तीस वर्षं काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या आपलं भांडं रोज घरी नेत, सिटी बसमध्ये मांडीवर घेऊन, ओल्या बाळंतिणीसारख्या सांभाळून. शकुन विचारायची, घरी त्याले दूध पाजता का? त्या हसून म्हणत, कूलर बिघडला आहे आमचा, मागच्या खोलीत सावलीत ठेवते. हातभर उंचीचं झाकणाचं भांडं, गळ्याभोवती पिंपळपानांची ओळ. पानांच्या मधे सुईनं कोरलेलं नाव, गंगूबाई. त्यांच्या आईचं.

एकदा बसची वाट पाहताना त्या मला म्हणाल्या, “बाईनं जन्मभर अंगठाच उठवला. घर भावाच्या नावावर, शेत बापाच्या. तिचं नाव असलेली एक वस्तू घरात नाही. काल मी तिचं बोट धरून अक्षरावरून फिरवलं, तर म्हणे, ही मी आहो का?” मग त्या बसचा नंबर वाचायला लागल्या. मी पण वाचला.

रविवारी समारोप होता. अकोल्याचे पाहुणे येणार होते, सोमवारी सरांची गाडी. म्हणून शनिवारी सकाळी भट्टी लावायचीच, असं ठरलं. भट्टी मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली. सर स्वतः भांडी रचत होते आणि आम्ही रांगेनं आपापलं हातात देत होतो. शकुननं आपलं गालाला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि देऊन टाकलं. मी माझं लावलं. फ्रिजमधून काढल्यासारखं. मी म्हटलं, छान झालं. पंजाबरावांनी विचारलं, फोटो काढू का?

मग सरांची कलाकृती आली. नाव ‘रिक्तता’. परवा केलेली, गुडघ्याएवढी उंच, भिंती तीन बोटं जाड, मधे एक भोक. तिला आणायला दोन माणसं लागली. दम खायला मधेच खाली ठेवली तेव्हा फरशीवर एक ओला गोल उमटला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. पंजाबराव पुढे सरकले आणि त्यांनी गोलावर चप्पल ठेवली. भिंतीला टेकलेल्या बुधाजींनी आधी त्या चपलेकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

‘रिक्तता’ भट्टीच्या मधोमध बसली. सरांनी ललिताताईंकडे हात पसरले. तुमचं ह्याच्या शेजारी लावू, मोठ्याच्या सावलीत राहील, म्हणाले.

ललिताताईंनी भांडं दिलं नाही. पोटाशी धरून उभ्या राहिल्या. सरांचे हात तसेच पसरलेले. शकुननं मला कोपर मारलं, म्हणजे मी काहीतरी बोलावं. मी पदरानं तोंड पुसलं. कोणीतरी म्हणालं, ताई, उशीर होते न. पंजाबराव म्हणाले, द्या न बाई, पाहुण्यायले काय दाखवू मी उद्या?

बत्तीस वर्षं ही बाई खिडकीआड बसून लोकांच्या शिव्या ऐकत सुटे पैसे परत करत आली. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं. आत्ताही तिनं तो चढवला नाही. पुढची गाडी किती वाजता, हे सांगावं तशी म्हणाली,

“सर, माहं वाळलं आहे. तुमचं ओलं आहे. ह्या सगळ्याइचं ओलं आहे, अन् हे सगळ्याइले माहीत आहे.”