भवानीचं गिऱ्हाईक

मन्मथप्पांनी ओल्या भिंतीत अंगठ्याचं नख रोवलं, जरासं ओढलं आणि नखात आलेली माती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"आप्पा, खरवडू नका. वली हाय अजून," बांबूंच्या ढिगाआडून त्यांची लेक शिवांजली म्हणाली.

"बघायलो नुसतं."

"काय बघायलात?"

काय बघत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. राखाडी रंगाचा एखादा ठिपका सापडतो का, ते बघत होते. सिमेंट विकण्यात सगळी हयात गेलेल्या माणसाला तो ठिपका डोळे मिटूनही सापडला असता. पण भिंत खालपासून वरपर्यंत तांबूस. माती, मुरूम आणि चुना. बस.

सिरसाळ्याबाहेरच्या माळावर त्यांची लेक मातीच्या घरांची वसाहत उभी करत होती. पुण्याला इंजिनियर झाली, तिथली चांगली नोकरी सोडून आली आणि हे आरंभलं. पहिलं घर अंबाजोगाईच्या एका निवृत्त डॉक्टर जोडप्यानं घेतलं होतं. घर घेऊ पाहणारी बाकीची मंडळी ते कसं होतंय याकडे डोळे लावून बसली होती. ते नीट उतरलं तर पुढची घरं होणार, नाहीतर लेक पुन्हा पुण्याच्या गाडीत. आणि फाटकावर तिनं ठळक अक्षरांत पाटी लावली होती, 'या घरांत सिमेंटचा कणही नाही.' ही पाटी कुणाच्या लेकीनं लावावी? सिमेंटवाल्या मन्मथप्पांच्या. आता बोला.

"पायात तरी टाकलंस का?" घराच्या पायाकडं बघत त्यांनी विचारलं.

"पायात दगड अन् चुना."

"अन् वर?"

"वर बांबू, त्याच्यावर कौलं. स्लॅब न्हाई, आप्पा. तुमाला ठाऊकय की."

ठाऊक होतं. तरी चार-आठ दिवसांनी एकदा येऊन ते हेच विचारत, आणि ती तेच सांगे. ती चिडत नसे, हे आणखी वाईट.

खरं सांगायचं तर त्यांचं मागणं एवढंसं होतं. लेकीच्या पहिल्या घरात आपल्या दुकानाचं एक पोतं लागावं. एकच. न्हाणीच्या मोरीला लागो, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला लागो, पण लागावं. तोंडानं कधी बोलले नाहीत. बापानं लेकीच्या दारात येऊन माल खपवायचा म्हणजे काय, तेही त्यांना कळत होतं.

परतताना त्यांनी स्कूटर मुद्दाम गावातून घातली. दोन्ही बाजूंना त्यांचीच घरं होती. म्हणजे लोकांची, पण सिमेंट त्यांचं. ज्या काळी सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि एकेका पोत्यासाठी माणसं दुकानाच्या पायरीवर मुक्काम टाकायची, त्या काळापासून ते या धंद्यात. तेव्हा गावात धाब्याची घरं होती. पाऊस लागून राहिला की घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडायची आणि मग स्वयंपाक कशात करायचा म्हणून बाया कपाळाला हात लावायच्या. अशा घरावर स्लॅब पडायचा तर केवढा सोहळा असायचा तो. उजाडायच्या आत खडी-वाळू कालवायला सुरुवात. शिडीवर बायांची रांग, घमेली हातोहात वर. नारळ फुटायचा. स्लॅब पडला की दुपारी भात, वांग्याची भाजी आणि कढईतून काढलेली गरम जिलेबी. घरधनी आप्पांना पाटावर बसवून टोपी-टॉवेल करायचा आणि म्हणायचा, "आप्पा, तुमच्यामुळं डोक्यावर छत आलं." या एका वाक्यासाठी ते कुठंही जायचे, पार दिंद्रुडपर्यंत.

आणि त्या प्रत्येक स्लॅबला स्कूटरच्या पुढच्या बाजूला उभी राहिलेली लहानगी शिवांजली, त्यांची अंजू, असायचीच. जिलेबीवर तिचा पहिला हक्क. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायला लावायची, कारण स्लॅबवर वाळूची आळी करून पाणी भरलेलं असायचं. फ्रॉक वर धरून त्या पाण्यात ती लिंबाच्या काड्या सोडत बसे.

"आप्पा, घराला पाणी कावून पाजायलेत?" तिनं एकदा विचारलं होतं.

"त्याला तहान लागलीय. पाणी प्यालं की घर पक्कं हुतंय."

तेव्हा ती इतकी गंभीर होऊन मान हलवत राहिली की घरधनी हसला होता. घर कसं उभं राहतं ते ही पोर तिथं शिकली, त्यांच्या स्कूटरवर बसून. मग आता तिच्याच घरात आपण का नाही? हे मनात आलं की आप्पांची स्कूटर आपोआप हळू होई. स्कूटर चालवताना असं काही मनात आणू नये, असं ते स्वतःला बजावत आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच मनात आणत.

हॉटेलात चहाला टेकावं तर तिथं आप्पाराव. हे जुने मित्र, पण जिभेला हाड नाही.

"काय मन्मथप्पा, साऱ्या गावाला सिमेंट खाऊ घातलंत अन् घरचंच माणूस उपाशी ठिवलंत?"

सगळे हसले. मन्मथप्पाही हसले. चहा तसाच ठेवून उठणं बरं दिसलं नसतं म्हणून तो पिऊन उठले.

शिवांजलीनं त्यांना समजावलं नव्हतं असं नाही. मातीच्या भिंतीला घाम येतो, तो बाहेर यायला वाट लागते. वरून सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजत जाते. वरवर काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की पोट फुगतं आणि भिंत बसते.

"मग मी काय जन्मभर लोकांच्या घरात कूज भरली का?" ते भडकून म्हणाले होते.

"तसं कुठं म्हणलं मी? सिमेंटच्या घराला सिमेंट, मातीच्या घराला चुना. सोयरीक बघूनच करावी लागती, आप्पा."

यावर शिवकांताबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. आप्पा दोन घास कमी जेवून उठले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे लिंगपूजा आटोपून, कपाळावर भस्म लावून त्यांनी दुकानाचं शटर वर केलं. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, उदबत्ती ओवाळली आणि गादीवर बसले. बसतात न बसतात तोच मोटारसायकल थांबली. सिदू गवंडी. शिवांजलीच्या कामावरचा मुख्य कारागीर हाच.

"शरणार्थ, आप्पा."

"शरणार्थ. ये. आज सकाळीच?"

सिदूनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. "दोन पोती द्या. वरून गोणपाट गुंडाळून द्या तेवढं. नाव दिसू नाही."

"कुठं न्यायलास?"

"ताईच्या कामाला."

मन्मथप्पांनी गादीवरूनच मान पुढं काढली.

"ताईला सांगू नका," सिदू जवळ सरकून म्हणाला. "माझा हात सगळा सिमेंटवर बसल्याला. ह्या चुन्यात गूळ घाल, हिरडा घाल, बेलफळाचं पाणी घाल, ह्याला काय गिलावा म्हणावं का? परसादाची तयारी वाटायलीय. लई सावकाश धरतंय, भरवसाच यीना मला. उंद्या पडला तर लोक ताईला न्हाई, मला हसतेल. म्हणतेल, सिदूला काम यीना. तवा चुन्यात थोडं थोडं सिमेंट कालवतो. कुणाला कळत न्हाई. ताई आज परळीला चालल्यात, त्या यीपर्यंत हून जातंय."

मन्मथप्पा उठले. काय आनंद झाला म्हणून सांगावं. इतके दिवस ज्याच्यासाठी त्या माळावर खेटे घातले, ते आपल्या पायानं चालत दुकानात आलं होतं. एक मागत होते, दोन निघाली. मागावं लागलं नाही, लेकीपुढं हलकं व्हावं लागलं नाही. आणि गिऱ्हाईक तरी कोणतं, तर भवानीचं. दिवसाचं पहिलं. भवानीचं गिऱ्हाईक रित्या हातानं परत पाठवायचं नाही, पडेल भावात द्यायचं, पण द्यायचं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी गल्ल्याशेजारी बसवून शिकवलेलं. आजवर एकदाही मोडलं नव्हतं.

ते आत थप्पीपाशी गेले. समोरच्या पोत्यावर हात ठेवला. पण ओढलं नाही.

दोन-तीन पावसाळे, ती म्हणाली होती. मग भिंतीचं पोट फुगेल. डॉक्टरीणबाई फोन करतील. अंजू धावत जाईल, भिंतीला हात लावून बघेल, कान लावून बघेल. सिमेंटचा संशय तिला येणारच नाही, कारण ते घातलेलंच नाही असं तिनं जगाला सांगितलंय. ती आपल्याच मातीत खोट शोधत बसेल. माझंच काहीतरी चुकलं म्हणेल. आणि सामान आवरायला घेईल.

मन्मथप्पांनी पोत्यावरचा हात काढला आणि धोतराला पुसला.

"सिमेंट न्हाई, सिदू."

"आँ?"

"संपलंय."

सिदूनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. थप्पी पार छताला टेकली होती. "आप्पा, ही दिसायलीय की."

"संपलंय म्हणलं ना."

"भवानीच्या टायमाला परत पाठवायलात?"

"पाठवायलो," मन्मथप्पा म्हणाले. "अन् दुसऱ्या दुकानाची पायरी चढू नको. सिरसाळ्यात कुणी कुणाला सिमेंट दिलं ते दिवस मावळायच्या आत मला कळतंय. तुला ठाऊकय."

"पर गिलावा पडला तर?"

"पडला तर तिचा पडंल. तिला बी कळू दी, तुला बी कळू दी. तुझ्या नावानं कुणी हसलं तर त्याला हिकडं धाडून दे, मी बघतो. पर तिच्या माघारी तिच्या भिंतीला हात लावू नको. चुन्यावर भरवसा न्हाई तर पोरीवर ठिव."

सिदू पायरी उतरून गाडीपाशी गेला. आप्पांना असं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग "बरं" म्हणाला आणि गाडीला किक मारून माळाकडं निघून गेला. मन्मथप्पा पायरीवर येऊन तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. तो सरळ गेला, वाटेतल्या कुठल्याच दुकानाशी थांबला नाही.

आतल्या दारातून शिवकांताबाई चहा घेऊन आल्या. गल्ल्यावर कपबशी ठेवताना त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोण आलतं? भवानी झाली का?"

"झाली."

"कुणाची?"

"अंजूची."

"अगं बाई. ती कवा येऊन गेली? मला हाक तर मारायची." त्या पायरीपर्यंत जाऊन रस्त्यावर इकडं-तिकडं बघून आल्या. "अन् काय नेलं तिनं?"

मन्मथप्पांनी चहा बशीत ओतला. बशीवर फुंकर मारली.

"काही न्हाई," ते म्हणाले.