दोन गाठींमधली जागा

मित्रांनो, खुंटीला टांगलेली ही जुनी तागाची दोरी तुम्ही रोज पाहता. ती मीच.

पूर्वी मी खूप लांब होते. पायदळाच्या छावणीत मला वळले आणि तीन-तीन हातांवर गाठी मारल्या. कवायतीच्या वेळी हवालदार मला मैदानात अंथरी. एका गाठीवर एकच शिपाई, असा नियम. त्याआधीच्या काळात समोरून भाले येत, म्हणून शिपाई खांद्याला खांदा लावून लढत. आता समोर तोफा होत्या. घोळक्यात पडलेला गोळा अनेकांना लोळवतो, विरळ रांगेत तो बहुतेकदा नुसती माती उडवतो. हे सगळ्यांना पाठ होते. पण भीती वाटली की माणूस माणसाला बिलगतो, आणि माझ्या निम्म्या गाठी ओस पडत.

त्या रांगेत दोघे भाऊ होते. धाकट्याला सोडू नकोस, असे आईने निघताना थोरल्याला बजावले होते. त्यामुळे तो धाकट्याच्याच गाठीवर येऊन उभा राही. चेष्टा झाली, शिक्षा झाली, तरी तेच.

"शत्रूचा एक गोळा वाचवतोस का रे?" हवालदाराने विचारले.

"आईला शब्द दिलाय," थोरला पुटपुटला.

मग हवालदाराने माझा दोन गाठींचा तुकडा कापला आणि एकेक टोक दोघांच्या हाती दिले. "ही ताठ आहे तोवर भाऊ सोबत आहे, असं समज."

लढाईच्या दिवशी रांग उघड्या माळावर निघाली. पहिली तोफ कडाडली आणि मी सैल पडले. थोरला भावाकडे सरकला होता. त्याला आठवले, तो बाजूला झाला, मी ताठ झाले. पुन्हा सैल, पुन्हा ताठ. इतक्यात गोळा नेमका माझ्या मध्यावर आदळला.

धुळीत काही दिसेना. थोरल्याने मला ओढले, तर हातात तुटका तुकडा आला. हाक मारायचीही त्याला हिंमत होईना.

"दादा," धुरातून आवाज आला, "माझं टोक आहे माझ्याकडे."

दोघे घरी परतले. आईने माझे दोन्ही तुकडे हातात घेतले आणि मध्ये घट्ट गाठ मारली. मी वीतभर आखूड झाले.

"तेवढेच जवळ," ती म्हणाली.

मित्रांनो, मला खेळायला खुशाल घ्या, पण ओलीत टाकू नका आणि ती मधली गाठ सोडू नका. रस्त्यात तुमची आई हात जरा जास्तच घट्ट धरते, तेव्हा हिसका देऊ नका. तीही सैल सोडायला शिकते आहे. तिला थोडा वेळ द्या.