खुर्ची क्रमांक एक्केचाळीस

आमचं विभागीय ऑफिस बंद करायला जे साहेब आले, त्यांना आम्ही पहिल्या तासातच 'टाळेसाहेब' करून टाकलं. याआधी चार ऑफिसांना टाळं ठोकून आलेला माणूस. कमरेला पट्टा, पाठीत कायमची उसण आणि चेहरा असा, की समोर हसायचं म्हटलं तरी परवानगीचा अर्ज करावासा वाटावा.

हुकूम सरळ होता. ऑफिस उचलून मोठ्या शहरात न्यायचं. दोन बस बदलून सहा तासांवर. सोमवारी आले आणि म्हणाले, "बुधवारपर्यंत आवरायचं."

मी जडवस्तूंची नोंदवही सांभाळते. म्हणजे टेबलं, खुर्च्या, कपाटं, घड्याळं, जे हलत नाही ते सगळं माझ्या नावावर. सत्तावीस वर्षं. म्हणून मला 'जडबाई' म्हणतात. वजनाचा काही संबंध नाही, ते आधीच सांगते.

त्याच सोमवारी मी त्यांच्यापुढे एक फाइल ठेवली. गावात कपडे शिवणाऱ्या शिलाईकाकूंची. नवऱ्याच्या मागे राहतं घर काकूंच्या नावावर चढवायचं होतं. हरकतीची नोटीस लागली होती, तिची मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तोवर कुणी हरकत घेतली नाही, की साहेबांची एक सही आणि घर काकूंचं. पुतण्याचा त्या घरावर डोळा. नोटीस त्याने सही करून घेतली होती, पण हरकत घ्यायला इथवर यायचा त्याला कंटाळा. आणि नवं ऑफिस कुठे? नेमकं त्याच्या घरामागच्या गल्लीत! फाइल तिकडे गेली असती तर नवा नंबर, नवी नोटीस, आणि हा पठ्ठ्या चप्पल न घालताही हरकत नोंदवून आला असता. काकूंना तर दोन जिने चढताना तीनदा थांबावं लागतं. त्या कुठे सहा तास बस बदलत बसणार!

"साहेब, एकच आठवडा थांबलात तर," मी म्हटलं.

"बाई, प्रत्येक ऑफिसात अशी शेवटची एक फाइल असते," ते मान वर न करता म्हणाले. "नोंदवहीचा मेळ बसला, की त्याच घटकेला माझे अधिकार संपतात. मी कुणासाठी थांबत नाही."

असा राग आला म्हणून सांगू! पण राग गिळला आणि बाहेर आले. तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. चाकाच्या खुर्चीत त्यांची पाठ धरत होती, साधी, ताठ पाठीची खुर्ची हवी होती. मी शिपायाला सांगितलं, त्याने रेकॉर्डरूममधली एक उचलून आत नेली. उशी बांधून दिली. खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

मंगळवारी खुर्च्यांची मोजदाद. सरकारी खुर्चीचा जन्मदाखला तिच्या बुडाखाली असतो. पांढऱ्या रंगाने नंबर लिहिलेला. त्यामुळे मोजायची म्हणजे एकेक खुर्ची टेबलावर उलटी घालायची, मी नंबर वाचायचा, टाळेसाहेबांनी यादीवर खूण करायची. साहेब केबिनच्या दारात खुर्ची ओढून बसले होते, म्हणजे सगळं नजरेखाली. वहीत त्रेसष्ट खुर्च्या. भरल्या बासष्ट.

"एक्केचाळीस नाही," साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ती तुमच्याच बुडाखाली आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. तोंड मिटलं.

"शोधायला हवी," मी म्हटलं.

शिपायाने माझ्याकडे बघितलं. त्याला आम्ही 'बातमीपत्र' म्हणतो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला जिन्याखाली गाठून मी बजावलं, "हे बघ, एक शब्द फुटला तर तू आहेस आणि मी आहे."

"बाई, माझ्या पोटात दुखेल हो!"

"दुखू दे. सोमवारपर्यंत."

मग सुरू झाली शोधमोहीम. गच्ची, तळघर, पाण्याच्या टाकीमागची जागा, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं दुकान. चहावाला तर भांडायलाच उठला. बुधवार गेला, गुरुवार गेला. मुख्यालयातून फोन येत होते. साहेब खुर्चीत बसून फर्मावत होते आणि आम्ही धावत होतो. संध्याकाळी ते केबिनला स्वतः कुलूप लावत, किल्ली खिशात. यापेक्षा सुरक्षित जागा मलाही सुचली नसती.

"बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तर होत नाही ना?" शुक्रवारी त्यांनी विचारलं.

"काखेत नक्की नाही साहेब," मी म्हटलं. शिपाई तोंडावर हात दाबून खोकत बाहेर पळाला.

"मग गेली कुठे?"

"ऑफिसच्या बाहेर गेलेली नाही, एवढं छातीठोकपणे सांगते."

आठवडाभरात मी एकदाही खोटं बोलले नाही. बघा, लक्षात ठेवा.

सोमवार उजाडला. सगळं सामान ट्रकमध्ये चढलं होतं, केबिनमधलं टेबल, भिंतीवरचं घड्याळ आणि साहेबांखालची खुर्ची तेवढी उरली होती. शिलाईकाकूंना मी पाचला या म्हणून सांगितलं होतं. त्या तीनलाच हजर! उशीर नको म्हणून. आणि आल्या त्या थेट केबिनच्या दारात, एक हात चौकटीवर, दुसरा गुडघ्यावर, घामाने डबडबलेल्या.

साहेबांनी वर बघितलं. "बसा ना," म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बसायला काही नाही. पाठ धरून ते उठले.

"साहेब, मी आणते! मी आणते!" मी ओरडलेच. कुठून आणणार होते कोण जाणे.

"राहू द्या," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. टेबलाला वळसा घालताना जागा कमी पडली, म्हणून तिरकी केली. बूड वर आलं.

एक्केचाळीस.

"मेलो," शिपाई पुटपुटला.

खुर्ची तशीच हवेत. साहेब नंबर बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नोकरी गेली तर गेली, पण काकूंचं घर माझ्यामुळे जाणार, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं. मी लपवलं नाही. टेबलावर काकूंची फाइल, सर्वात वर, मीच रोज वर सरकवलेली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. त्यांनी घड्याळ बघितलं, फाइल बघितली, काकूंचा गुडघा बघितला.

मग खुर्ची अलगद खाली ठेवली. सरळ.

"बसा काकू," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत उठायचं नाही."

"अहो, पण तुम्ही?"

"मला डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय."

कुठला डॉक्टर आणि कुठलं काय! तो माणूस दोन तास भिंतीला पाठ लावून उभा होता. दर पाच मिनिटांनी पाय बदलायचा, ओठ चावायचा. मुख्यालयाचा फोन आला तेव्हा म्हणाला, "शोध चालू आहे." काकू त्यांना शर्टाची शिवण कुठे उसवली आहे ते सांगत होत्या, आणि ते निमूटपणे ऐकत होते.

पाच वाजले. साहेबांनी आवक नोंदवही मागवली, हरकत आलेली नाही याची खात्री केली, आणि टेबलावर वाकून सही केली. वाकताना विव्हळले. काकूंनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि हमसून हमसून रडल्या. मीही रडले. शिपाई तर केव्हाचाच रडत होता, त्याच्या पोटातलं दुखणं अखेर मोकळं झालं.

काकू उठून गेल्यावर खुर्ची उलटी घातली गेली. मी नंबर वाचला, साहेबांनी खूण केली. त्रेसष्टला त्रेसष्ट. आमचं ऑफिस संपलं.

शेऱ्याचा रकाना रिकामा होता. आठवडाभर ही खुर्ची का सापडली नाही, ते तिथे लिहावं लागतं. मी पेन हातात धरून विचारलं, "साहेब, काय लिहू?"

ते पाठ चोळत दारात थांबले.

"लिहा," म्हणाले, "वापरात होती."