यशोधराची भिंत

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. मी राग आला की घेते, अन् या गोष्टीत मले भल्ला राग आहे, म्हणून सांगते, त्याचं नाव सोमाजी. आमचा ढोरांचा कोठा सोमाजीच्या बापानं बांधला. सागाचे खांब, बांबूचा कुड, कुडावर मातीचा जाड लेप, वर कवेलूचं छप्पर. पोंभुर्ण्याच्या बाजूले असे कोठे घरोघरी, पण आमच्यासारखे खांब कोणाचेच नाई, असं सासरा मरेपर्यंत सांगे. खांबाले काही झालं नोतं. उगवतीकडची भिंत तेवढी वाकली होती. ती माझ्यामुळं वाकली, असं सोमाजी म्हणे. म्हणू दे.

भीमजयंती जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात सारी घरं पोततात. आधी शेणमाती, मंग पांढरी माती, सारं हातानं. कोठ्याकडं त्या घाईत कोण पाहाते? पण माझी पोरगी यशोधरा, थोरल्या पोराच्या, श्रावणच्या पाठची, मांडीएवढं मडकं घेऊन कोठ्यात शिरली. मी म्हटलं, "घर तं आटोप आधी." तं म्हणे, "काऊन? ढोरांची जयंती नसते का?" अन् उगवतीकडची अख्खी भिंत आतून पोतून काढली. ती डेबरी होती, सारं डाव्या हातानं करे. बायांच्या हाताचे फराटे भिंतीवर जिकडून तिकडं जातात, तिचे त्याच्या उलटे जात. शंभर भिंतींत मी तिची भिंत ओळखली असती.

त्याच पावसाळ्यात तिले ताप आला. तो त्र्याऐंशीचा पावसाळा. बंडीत घालून नेलं तं नाल्याले पूर, बैल पाण्यात पाय टाकेनात. आम्ही अल्याडच पाणी उतरायची वाट पाहात राह्यलो. ती माझ्या मांडीवरच गेली. फोटो काढायचा राहून गेला होता. आज काढू, उद्या काढू, लग्नात तं निघतेच, असं करत राह्यलो.

पुढच्या जयंतीले सोमाजी कोठ्यात मडकं घेऊन आला, तवा मी दारात आडवी झाली. घर पोता, तिन्ही भिंती पोता, या भिंतीले हात लावायचा नाई. त्याच्यापुढच्या वर्षी पण तेच. मातीच्या भिंतीले दरवर्षी हात लागतो म्हणून ती उभी राहाते, हे मले कोणी शिकवायची गरज नोती. तरी मी लावू देला नाई. वाळवी लागली, ढोरं अंग घासत, लेपाले भेगा पडल्या, अन् भिंत आत पोट काढून वाकली. ढोरं बाहेर गेली की मी तिथी जाऊन बसे. त्या फराट्यांवर हात ठेवे, पण फिरवत नोती.

मंग श्रावणचं लग्न झालं. सून कमला आली, अन् तिच्याकडं गाईचं दूध काढायचं काम आलं. गाय नेमकी त्याच भिंतीले बांधलेली.

"भिंत पाडा लागते," सोमाजी म्हणाला. "उद्या सुनेच्या अंगावर आली तं?"

"गाय तिकडं बांधा."

"अन् गाय किती दिवस तिकडं बांधू, श्रावणची माय? सारा कोठाच नव्यानं करा लागते आता."

आमचं त्या दिवशी असं भांडण झालं की शेजारचा इतवारी कुंपणापाशी येऊन उभा राह्यला. मी त्याले पण सुनावलं. शेवटी श्रावणनं मधला रस्ता काढला. कवेलू उतरवायचे, सडलेली लाकडं बदलायची, तिन्ही भिंती नव्यानं बांधायच्या, अन् या भिंतीले आतून टेकू लावून तशीच ठेवायची. सोमाजी तयार झाला. मले वाटलं, मी जितली.

चैत संपत आला होता. बाप-लेकानं कवेलू उतरवून अंगणात रचले. वरचे वासे उघडे पडले अन् कोठ्यात इतकं ऊन आलं की यशोधराचे फराटे मले बाहेरून दिसत. दुपार कलली अन् आभाळ भरून आलं. त्या महिन्यात पाऊस? पण आला, गारांसकट आला. मी घोंगडं घेतलं, चादरी घेतल्या, ताडपत्री ओढत नेली. सोमाजी अन् श्रावण धावत आले. आम्ही तिघं भिंतीवर ताडपत्री धरून उभे, अन् वारा ती आमच्या हातातून हिसकत होता. आधी पांढरी माती ओघळली. माझ्या बोटांवरून, कोपरावरून ओघळत गेली. मंग सोमाजीनं मले कंबरेले धरून मागं खेचलं, अन् भिंत बसली.

सकाळी मी त्या ढिगापाशी गेली. एक ढेकूळ हाती घेतलं, तं तुटल्या कडेले थर दिसले. सरकीच्या पेंडीसारखे एकावर एक. दर जयंतीचा एक थर, त्याच्याआधी सासूनं दिवाळीले पोतलेले थर. नखानं वरचे पापुद्रे काढत गेली, तं खाली माझ्या सासूचा हात निघाला. चार बोटं, स्वच्छ. ती मरून किती वर्षं झाली, पण तिचा हात आत जसाच्या तसा होता, कारण तिच्यावर मी पोतलं होतं. माझा हात होता. पोरीचाच तेवढा नोता. तिच्यावर मी कोणाले पोतू देलं नाई, म्हणून सगळ्यात वर तीच राह्यली, अन् पाण्यानं तिलेच नेलं. मी तिथीच खाली बसली. मले रडू पण येईना.

सोमाजी माझ्याशी एक शब्द वाकडा बोलला नाई. त्यानं अंगणात खड्डा केला, पडलेली माती त्यात ओढली, नवी माती टाकली, पाणी ओतलं, धानाची तणीस पसरवली. जुनी माती आम्ही फेकत नाई, ती नव्यात मिसळली की भिंत चांगली धरते. श्रावण पॅन्ट वर करून चिखल तुडवायले निघाला.

"थांब," मी म्हटलं. "पाय नको टाकू तिच्यावर."

श्रावण बापाकडं पाहात राह्यला. सोमाजी खड्ड्याच्या काठी गुडघे टेकून बसला अन् त्यानं दोन्ही हात चिखलात घातले. भाकरीचं पीठ मळावं तसा मळू लागला. मंग श्रावण बसला, कमला बसली, मी बसली.

इतवारी कुंपणावरून म्हणाला, "सोमाजीभाऊ, हातानं काऊन मळून राह्यले? पायानं घडीभरात होते ना."

"होऊ दे हळूहळू," सोमाजी म्हणाला.

मळता मळता कमलानं खाली मान घालून विचारलं, "आत्या, ननंदबाई कशा होत्या?"

घरात माझ्यापुढं तिचा विषय कोणी काढत नोतं. मी काढू देत नोती. त्या दिवशी मी सांगत गेली. चिंच चोरायची, गाता येत नसून गायची, सापाले भ्यायची नाई पण पालीले भ्यायची. सोमाजीनं मधीच सांगितलं की ती त्याची बिडी लपवून ठेवायची. हे मले माहीत नोतं. तो सांगता सांगता रडला, अन् चिखलाचा हात तसाच तोंडाले लावला.

भिंत उभी राह्यली, वाळली. कमला पांढऱ्या मातीचं मडकं घेऊन आली अन् माझ्यापुढं धरलं. पहिला हात मी फिरवला. पुरी भिंत मीच पोतली, कोणाले मदत करू देली नाई. झाल्यावर मी मडकं तिच्या हाती देलं.

"पुढच्या जयंतीले माझ्यावर तू पोतजो," मी म्हटलं. "मी नाई म्हटलं तरी पोतजो."