बियांकाचा राजीनामा

२०११च्या भूकंपानंतर जपानच्या पोस्टिंगला बँकेतलं कुणी सहजी तयार होत नव्हतं, म्हणून २०१४ साली सत्यजितचा नंबर लागला. चारुतानं मुंबईतल्या प्रकाशनसंस्थेतली संपादकाची नोकरी सोडली आणि लहानग्या लेकीला, ईश्वरीला, घेऊन तीही निघाली. विचारेल त्याला ती सांगायची, "माझा स्वतःचा निर्णय आहे."

टोकियोजवळच्या ग्योतोकुला येऊन वर्ष झाल्यावर ती जपानीच्या वर्गाला जाऊ लागली. शेजारी रोवेना बसायची, वृद्धाश्रमात काम करणारी फिलिपिनो बाई. ती इंग्रजीत कादंबऱ्या लिहिते आणि मनिलात त्या भराभर खपतात, हे कळल्यावर चारुतानं एक वाचायला मागितली.

"जरा जपून," सत्यजित म्हणाला. "इतक्या लवकर मैत्री करतात म्हणजे काहीतरी हवं असतं."

चारुतालाही तसं वाटलंच. पण कादंबरी तिनं दोन दिवसांत संपवली. नायिका बियांका जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. स्वतःचा फ्लॅट, स्वतः निवडलेला प्रियकर, कपाटभर बूट. "आमच्या आयांना लढावं लागलं, मला फक्त निवडायचंय," हे तिचं पालुपद. शेवटी प्रियकराची बदली सिंगापूरला होते आणि बाई हसत हसत राजीनामा देते. चारुतातल्या संपादकाला ते पान खटकलं.

पुढच्या वर्गानंतर कोंबिनीबाहेर, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर, कॉफी पिताना तिनं विचारलं, "ती नोकरी का सोडते?"

"तिची मर्जी."

"तिची, की तुझ्या प्रकाशकाची?"

रोवेना हसली. "प्रकाशकाची. मी लिहिलं होतं, तो तिच्यासाठी मनिलातच थांबतो. ते म्हणाले, वाचकांना नाही आवडणार. मग मी तिच्या तोंडी 'माझी मर्जी' घातलं. तेवढं घातलं की कुणी पुढे विचारत नाही. तू का सोडलीस?"

"माझ्या मर्जीनं. शिवाय डिपेंडंट व्हिसावर काम करता येत नाही."

"कोण म्हणालं?"

"नवरा."

"येतं की. आठवड्याला अठ्ठावीस तास. फॉर्म भरून परवानगी घ्यायची."

हिला कुठल्या एजंटाकडून कमिशन मिळत असेल, अशी शंका घेऊनच चारुता घरी आली. चपला काढल्या आणि आधी सरकारी साइट उघडली. सगळं खरं होतं.

"तुला माहीत होतं?" तिनं जेवताना विचारलं.

सत्यजितनं ताटातून मान वर केली नाही. "असतं तसं काहीतरी. पण ईश्वरी लहान होती. आणि तूच सांगत होतीस ना सगळ्यांना, माझा निर्णय म्हणून?"

 दुसऱ्या दिवशी तिनं बदलीच्या वेळच्या बँकेच्या कागदांची फाईल काढून एकेक पत्र वाचलं. आणखी लपवलेलं काही सापडलं नाही. त्यामुळे बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याच आठवड्यात ती रोवेनाला घेऊन इमिग्रेशनच्या ऑफिसात गेली.

परवानगी आली. फुनाबोरीतल्या एका भाषांतर कचेरीत तिला इंग्रजी मजकूर तपासायचं काम मिळालं. मंगळवारी आणि गुरुवारी ईश्वरीला शाळेतून सत्यजितनं आणायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी तो धुसफुसत गेला, पण गेला.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. "सत्यजितनं परवानगी दिली वाटतं नोकरीला?"

"नाही आई, जपान सरकारनं दिली."

 मग त्यांनी हळूच विचारलं, "काम आवडतंय का गं?"

"हो," चारुता म्हणाली. आणि खुर्ची ओढून त्यांना सगळं सविस्तर सांगायला बसली.