फरशीवरचं मीठ

क्रांती जाऊन अडीच महिने झाले आणि तिच्या टाकीतल्या गोगलगायी मरायला लागल्या.

पहिली सोमवारी दिसली. काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली होती. तिच्या नवऱ्याला, उदयसिंहाला वाटलं, एखादी मरायचीच. गुरुवारपर्यंत अकराच्या अकरा गेल्या. मग लाल पट्ट्यांची कोळंबी गेली आणि त्यानंतर कोरलं. कोरल दिसतं झाडासारखं, पण तो जिवंत प्राणी असतो. तो मेला की मांस गळून जातं आणि मागं पांढरा दगड उरतो. ऑगस्ट संपेपर्यंत चार फुटांच्या त्या टाकीत असे सात दगड झाले होते. दोन नारंगी मासे तेवढे मजेत फिरत होते.

उदयसिंह फौजेत हवालदार होता. पोर्ट ब्लेअरला असताना त्यानं एकदा क्रांतीला काचेच्या तळाच्या बोटीतून समुद्र दाखवला. दोन तास तिनं मान वर केली नाही. रिटायर होऊन दोघं तासगावला आली, त्यानं द्राक्षबाग लावली आणि तिनं खाऱ्या पाण्याची टाकी. मीठ मापून घालायचं, पाणी उन्हाळ्यात गार ठेवायचं, लाईट गेली की आधी टाकीचा इन्व्हर्टर बघायचा. चौदा वर्षं तिनं हे केलं. त्याला तिची एकच ताकीद होती.

"पाण्यात हात घालू नका हं. मासे बुजतात."

त्याला ते लागायचं. द्राक्षाच्या कोवळ्या घडाची विरळणी करताना एक मणी दुखवत नाही असा हात, आणि मासे बुजतात? तिला आपण अडाणी वाटतो, एवढं त्यानं मनात धरलं होतं. विचारलं मात्र कधी नाही.

आता हात घालणं भागच होतं. काच घासायची, मेलेलं काढायचं, पाणी बदलायचं. बागेतनं आला की साबणानं हात धुऊन तो कामाला लागायचा. जितकं जास्त करावं तितकं जास्त मरत होतं. शेवटी एकच कोरल राहिलं. मुठीएवढ्या दगडावर पाच झुबके, हिरव्या बोटांसारखे, प्रवाहात हलणारे. क्रांतीनं ते उजव्या कोपऱ्यात खाली बसवलं होतं. उदयसिंहाला वाटलं, तिथं उजेड कमी पडत असेल. एका सकाळी त्यानं ते उचलून मधल्या दगडावर उंच ठेवलं, कुलूप लावलं आणि बागेत गेला.

दुपारी एकला परत आला तर कोरल उजव्या कोपऱ्यात, खाली. तोंडही पहिल्यासारखंच काचेकडं.

घसरलं असेल म्हणावं, तर घसरलेलं कोरल असं नीट बसत नाही. तो वाकून बघत होता तेव्हा त्याची नजर फरशीवर गेली. काळ्या कडप्प्यावर पांढरे ठिपके होते. टाकीपासून स्वयंपाकघरातून मागच्या मोरीपर्यंत एक ओळ. बोट लावून त्यानं जिभेला लावलं. मीठ.

क्रांती असताना हे रोजचं होतं. कोपरापर्यंत ओला हात वर धरून ती टाकीपासून मोरीपर्यंत जायची आणि थेंब वाळून पांढरे डाग पडायचे. स्वतः उदयसिंह टाकीजवळच टॉवेलला हात पुसायचा. शिवाय त्याची ढांग मोठी. हे ठिपके जवळजवळ होते.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला धोंडुबाई आली. दहा वर्षं त्या घरात काम करत होती.

"धोंडुबाई, टाकीत हात घातलास का गं?"

"मी? आवं दादा, माझी सासू त्या काचंत शिरली तरी मी हात घालायची न्हाई. काय काय किडं हायती त्यात."

"मग हे थेंब कुणाचं?"

ती वाकली. फडकं टेकवलं आणि तशीच थांबली.

"वहिनी असताना मी लय करवादायची," ती म्हणाली. "म्हनायची, पुसून पुसून माझी कंबर गेली, तुमचं मीठ काय संपंना." मग तिनं फडकं बादलीत टाकलं. "आजचं ऱ्हाऊ द्या. मी भांडी तेवढी घासून जाती. आन दादा, उद्यापासनं मी अंगणातनंच काम करीन."

त्यानं कोरल पुन्हा मधे ठेवलं. बागेत जाऊन आला तर ते परत कोपऱ्यात. एक दिवस तो मुद्दाम गेला नाही. खुर्ची टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाकीसमोर बसला. कोरल जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या आतून लावल्या, पुढच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात घेऊन गेला. आला तेव्हा कोरल कोपऱ्यात होतं आणि ठिपके ओलेच होते. अजून वाळलेही नव्हते.

तो घाबरला नाही असं नाही. मोरीच्या दारापर्यंत जायला त्याला वेळ लागला. मोरीत कुणी नव्हतं. तो परत आला, त्या ओल्या ओळीशेजारी भिंतीला टेकून बसला आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडला.

तिथून त्याला नादच लागला. सकाळी कोरल हलवायचं आणि दुपारी येऊन बघायचं. कधी डावीकडं ठेवायचा, कधी वाळूत आडवं करायचा. बागेत औषध मारतानाही त्याचं लक्ष घड्याळाकडं असायचं. घरी आला की आधी फरशी. ठिपके दिसले की जीव भांड्यात पडायचा, मग जेवण गोड लागायचं.

"आज कुठं ठेवू?" तो मोठ्यानं विचारायचा. "आज मागं ठेवतो. बघू तुला गावतंय का."

तिला गावायचं.

हे अठरा दिवस चाललं. पाच झुबक्यांचे चार झाले, मग तीन. त्याला दिसत नव्हतं असं नव्हतं. हिरवी बोटं आखडत चालली होती, बुडाशी पांढरं हाड दिसायला लागलं होतं. पण हात थांबेना. न हलवलं तर ती कशाला येईल?

एकोणिसाव्या दिवशी आला तर कोरल कोपऱ्यात नव्हतं. कुठंच नव्हतं. त्यानं बॅटरी लावून शोधलं. टाकीच्या पाठीमागच्या दगडांत एक कपार होती, बाहेरून त्याची चार बोटंही जेमतेम जातील एवढी. तिथं अगदी आत, अंधारात, दोन झुबके दिसले. तिसरा गेला होता. आणि फरशीवर एकही ठिपका नव्हता.

तिनं ते त्याच्यापासून लपवलं होतं.

चौदा वर्षं मनात धरलेली ती गोष्ट पुन्हा वर आली. माझा हात नको. मेल्यावरही नको. पण आता त्याला कारण पाहिजे होतं. सकाळी बाटलीभर टाकीचं पाणी घेऊन तो पिकअपमध्ये बसला आणि कऱ्हाडवरून साताऱ्याला गेला. तिथं वीरधवलचं मत्स्यालयाचं दुकान होतं. क्रांती सगळं सामान त्याच्याकडूनच आणायची.

वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं. ठिपक्यांचं उदयसिंहानं सांगितलं नाही.

"काका, मासे कसे आहेत?"

"ठणठणीत. खात्यात, फिरत्यात."

"गोगलगायी गेल्या, कोळंबी गेली, कोरलं गेली आणि मासे ठणठणीत." वीरधवलनं बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी हलवून उजेडाला धरली. पाण्याला रंग चढला. "तांबं आहे ह्यात. माशांना एवढं चालतं, बाकीच्यांना थेंबभरही चालत नाही. टाकीत तार पडली का एखादी? नाणं?"

"न्हाई."

वीरधवल त्याच्या हातांकडं बघत होता. नखांच्या कडा निळसर होत्या.

"काका, तुमच्या बागेत फवारायचं बोर्डो कोण कालवतं?"

"मीच. दुसरा कोण हाय?"

"त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच की हो."

उदयसिंहानं हात टेबलाखाली घेतले.

"मी धुतो हात. साबणानं."

"नखांत राहतं, कातडीच्या भेगांत राहतं. काकींना माहीत होतं. त्यांनीच मला सांगितलं होतं, आमच्यात बोर्डो असतंय म्हणून मी ह्यांना पाण्यात हात घालू देत नाही."

"मला तर म्हणायची, मासे बुजतात."

"मी विचारलं होतं त्यांना, काकांना सरळ का सांगत नाही? तर म्हणाल्या..." वीरधवल जरा अडखळला. "म्हणाल्या, दिवसभर राबून येतात, त्यांना कुठं सांगू की तुमच्या हाताला इख हाय. एकदा सांगितलं की ते जेवताना बी हात बघत बसतील."

वीरधवलनं चहा मागवला, तो तसाच गार झाला.

"आता काय करायचं?" शेवटी त्यानं विचारलं.

"टाकीच्या दगडांत मुरलंय ते. ती टाकी आता माशांची. जे कोरल जिवंत आहे ते आजच्या आज इकडं आणा. उद्या नको काका. आणि हात घालू नका, खांद्यापर्यंतचे हातमोजे मिळतील जनावरांच्या डॉक्टरकडं."

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. कोरल साताऱ्याला गेलं तर टाकीत तिचं काहीच उरत नाही. मग ती कशासाठी हात घालेल? मासे तर आपले आपण फिरतात. आणि नाही नेलं तर? ते मरेल. चार दिवसांत मरेल, फार तर आठ. पण ते आठ दिवस तरी ती येईल. आज नाही, उद्या नेऊ असं तो कऱ्हाडपासून तासगावपर्यंत म्हणत आला. तरी डॉक्टरच्या दारात गाडी थांबवून त्यानं हातमोजे घेतले.

घरी पोहोचला तेव्हा दोन वाजले होते. स्वच्छ बादलीत त्यानं नवीन खारं पाणी तयार केलं. मग खुर्चीवर बसला. अर्धा तास गेला. पंपाचा आवाज तेवढा येत होता. बॅटरीच्या उजेडात कपारीतला एक झुबका पूर्ण मिटलेला दिसला. दुसऱ्याची दोन-तीन बोटं हलत होती.

"इख हाय म्हणून सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी हात बांधून बसलो असतो."

त्यानं हातमोजा खांद्यापर्यंत चढवला आणि हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. कपारीशी पोहोचल्यावर बोटं आत जाईनात. त्यानं कपारीचा दगड हलवून बघितला, तो वरच्या दगडांखाली दाबून बसला होता. जोर लावला तर सगळी रास कोसळून कोरलावर आली असती. शेवटी त्यानं जोर सोडला. कपारीच्या तोंडाशी तळहात उताणा धरला आणि नुसता थांबला. का थांबला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मासे टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

तळहातावर आधी काही नव्हतं. मग कपारीतून वाळूचा बारीक ढग निघाला, त्यातून कोरलाचा दगड हळूहळू बाहेर सरकला आणि त्याच्या हातात आला. पडला नाही, ठेवला गेला. झुबके वरच्या बाजूला, बूड तळहातावर. आणि दगड टेकल्यावरही त्याच्या मनगटावर काहीतरी राहिलं. रबरावरून दाब कळत होता. त्यानं वाकून बघितलं. पाणी नितळ होतं. स्वतःच्या हाताशिवाय त्यात काही नव्हतं, पण मनगटाजवळ हातमोज्याला चार खळगे पडले होते.

दंड बधिर होईपर्यंत तो हललाच नाही. असाच संध्याकाळपर्यंत उभा राहिलो तर, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याला हातातल्या दगडावरचं ते मिटलेलं कोरल दिसलं. पाण्यातलं इख त्याला अजूनही लागतच होतं.

"सोड," तो म्हणाला. "मी नेतो."

खळगे गेले नाहीत. त्यानंच हात वर ओढला.

बादलीचं झाकण लावून त्यानं ती पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवली, पट्ट्यानं बांधली. अंधार पडता पडता साताऱ्यात पोहोचला. वीरधवलनं कोरल काढून आपल्या टाकीत बसवलं आणि म्हणाला, "या काका, आत येऊन बघा." उदयसिंह दुकानाच्या दारातच उभा राहिला. ती रात्र त्यानं वीरधवलच्याच घरी काढली.

सकाळी घरी आला. पोर्चपासूनच त्याला ते दिसलं. काल बादली नेताना त्याच्या हातमोज्यावरून पाणी गळलं होतं, त्याची ओळ वाळून पांढरी झाली होती. ठिपके लांब लांब होते. तिच्या शेजारून दुसरी ओळ होती, जवळजवळच्या ठिपक्यांची. ती टाकीपासून निघाली होती, पण मोरीकडं वळली नव्हती. उंबरा ओलांडून पोर्चवरून ती गाडी उभी होती तिथपर्यंत गेली होती, शेजारच्या सीटच्या दारापर्यंत. तिथून त्याची ओळ वळसा घालून पलीकडं गेली होती. तिची तिथंच संपली होती.

त्या दिवसानंतर फरशी कोरडी राहिली. धोंडुबाई आठवड्याभरानं आपणहून घरात आली, सगळी फरशी पुसून गेली.

ऑक्टोबरात छाटणी झाली. बाग फुटली तसं रोजचं औषध सुरू झालं. एक दिवस पाठीवर पंप असताना वीरधवलचा फोन आला.

"काका, मिटलेला झुबका उघडला. आणि बुडाशी एक नवीन येतोय, बारका, हरभऱ्याएवढा. कधी येताय बघायला?"

उदयसिंहानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते.

"बागेचा माल उतरू दे," तो म्हणाला. "फेब्रुवारीत औषध बंद होतंय. पुढं महिनाभर नखांतलं निळं निघू देतो. मग येतो."

"तोपर्यंत फोटो पाठवू का?"

"नको. तिथं कुणाला हात लावू देऊ नको फक्त."

"नाही लावत काका कुणी."

"तू लावलास तर चालंल," उदयसिंह म्हणाला, आणि पुढची ओळ धरली.